क्लॅमिडियाची रक्ततपासणी पॉझिटिव्ह, आणि तीन महिन्यांचा 'कोर्स'

सिन्नरचं एक जोडपं. लग्नाला पाच वर्षं झाली, दिवस राहत नव्हते. नाशिकमधल्या एका खासगी सेंटरवर पहिल्याच भेटीत ताईंचं रक्त घेतलं. क्लॅमिडिया हा शरीरसंबंधातून पसरणारा जंतू, आणि आयजीजी ही त्याच्याविरुद्ध शरीर बनवतं ती प्रतिपिंडं. रिपोर्ट आला: क्लॅमिडिया आयजीजी २.८, पॉझिटिव्ह. "पिशवीत इन्फेक्शन आहे, आधी ते काढू," असं सांगून पॅकेजचे पैसे आगाऊ घेतले आणि पावती कच्च्या कागदावर दिली. मग गोळ्या, सलाइन आणि दर महिन्याला तीच रक्ततपासणी. आकडा २.४ झाला, पुढच्या महिन्यात ३.१. वाढला म्हणून कोर्स पुन्हा पहिल्यापासून. नवऱ्याची तपासणी एकदाही नाही.

यातला रिपोर्ट खोटा नव्हता. खोटा होता तो त्याचा लावलेला अर्थ, म्हणूनच हा प्रकार पटकन लक्षात येत नाही.

आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे या जंतूशी शरीराची गाठ कधीतरी पडली होती, एवढंच. जंतू मेल्यावरही ही प्रतिपिंडं रक्तात वर्षानुवर्षं राहतात, त्यामुळे औषधाचा गुण आला की नाही हे त्यावरून ठरवताच येत नाही. २.८ हा आकडा किटच्या ठरलेल्या मर्यादेशी केलेलं गुणोत्तर असतो. किटची बॅच किंवा लॅब बदलली की तो थोडा इकडेतिकडे होतोच. शिवाय खोकला-न्यूमोनिया करणाऱ्या क्लॅमिडियाच्या दुसऱ्या जातीमुळेही काही किट पॉझिटिव्ह दाखवतात. सोबत आयजीएम (संसर्गाच्या सुरुवातीला बनणारी प्रतिपिंडं) लावून बिल वाढवतात. मोठ्या बाईच्या बाबतीत त्यावरून चालू संसर्ग ठरत नाही.

तपासणी निरुपयोगी मात्र नाही. आयजीजी जास्त असेल तर गर्भनलिकांना इजा झाल्याची शंका वाढते आणि नळ्या लवकर तपासाव्यात असा त्याचा अर्थ होतो: पाळीच्या साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसात एचएसजी (नळ्यांत औषध सोडून काढलेला एक्स-रे), गरज पडल्यास दुर्बिणीतून. निगेटिव्ह आली म्हणून नळ्या मोकळ्याच, असंही नाही. आपल्याकडे जननमार्गाच्या टीबीनेही त्या बंद होतात. (त्या टीबीसाठी कुणी रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी लिहून दिली तर करू नका. असल्या किटवर केंद्र सरकारने २०१२ मध्येच बंदी घातली आहे.)

संसर्ग आत्ता आहे का, हे योनीमार्गाच्या स्वॅबच्या पीसीआरवरून (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी) कळतं. स्वॅब अँटिबायोटिक सुरू होण्याआधी द्यायचा. पीसीआर पॉझिटिव्ह आली तर नेहमीचा उपचार डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, ७ दिवस. गरोदरपणात ती चालत नाही, तेव्हा अझिथ्रोमायसिन १ ग्रॅम एकदाच. नवरा-बायको दोघांनी घ्यायचं आणि उपचार पूर्ण होईपर्यंत (एकाच डोसचा असेल तर त्यानंतर ७ दिवस) संबंध टाळायचे. फक्त बायकोला औषध दिलं तर संसर्ग नवऱ्याकडून परत येतो. चार आठवड्यांच्या आत पुन्हा पीसीआर करू नका, मेलेल्या जंतूंचा अंशही पॉझिटिव्ह दाखवतो. तीन महिन्यांनी मात्र जरूर करा. ताप आणि ओटीपोटात दुखणं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे १४ दिवसांचा आणि जास्त औषधांचा उपचार योग्यच असतो.

या ताईंची एचएसजी शेवटी दुसरीकडे झाली. दोन्ही नळ्या पाणी भरून सुजलेल्या. कुठल्याही गोळीने त्या उघडणार नव्हत्या, आणि आयव्हीएफ करायचं तर आधी त्या काढाव्या किंवा पिशवीकडच्या टोकाला बंद कराव्या लागतात. पैशांपेक्षा वाईट वाटतं ते वयाचे गेलेले महिने पाहून.

पॅकेजचे पैसे भरण्याआधी विचारा: ही आयजीजी की पीसीआर? यांची वीर्यतपासणी कधी? नळ्या कधी बघणार? अंगावरून पांढरं जाण्यासारखा त्रास असेल तर सरकारी जिल्हा रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये सल्ला आणि औषधं मोफत मिळतात. नाशिकला त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिलमध्ये चौकशी करा. पैसे गेलेच असतील तर केसपेपरची प्रत लेखी अर्ज करून मागा, डॉक्टरांनी ती ७२ तासांत द्यायची असते. ग्राहक आयोगाकडे तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. तो कच्चा कागदही फेकू नका, तारखेसह जपून ठेवा.