लाईव्ह, रील, ऑडिओ, भजन की सिनेमा? सोलापूरच्या छोट्या ख्रिस्ती मंडळ्यांसाठी एक तुलना

चर्चच्या तरुण संघाच्या मीटिंगमध्ये हल्ली हा विषय हमखास निघतो, की सुवार्ता सांगायला आपण पण ऑनलाईन काहीतरी सुरू करूया. मग कोणी म्हणतं चॅनल काढू, कोणी म्हणतं रील करू, खजिनदार पैशाचं विचारतात, पाळकसाहेब म्हणतात प्रार्थनेत ठेवू, आणि विषय जातो पुढच्या महिन्यावर. ज्यांच्याकडे पंधरा-वीस हजार रुपये, दोन-चार उत्साही पोरं आणि एक बरा फोन एवढंच भांडवल आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. मोठ्या मिनिस्ट्रीवाल्यांनी सोडून दिलं तरी चालेल, त्यांचं गणितच वेगळं असतं.

मी माध्यम बघताना व्ह्यूज बघत नाही. ऐकणाऱ्याचे हात आणि कान त्या वेळी कशात गुंतलेत ते बघतो, आणि ऐकून झाल्यावर त्याने उलट काही विचारलं तर उत्तर द्यायला आपल्यातलं कोण आहे ते बघतो. सोलापुरात या दोन प्रश्नांनीच अर्धा निकाल लागतो.

पहिला सामना लाईव्ह उपासना आणि व्हॉट्सअॅप ऑडिओचा.

लाईव्ह सगळ्यांनी २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सुरू केलं आणि मग सवयीने चालूच ठेवलं. खरं सांगा, दीड-दोन तासांची उपासना, त्यात महिला मंडळाची सूचना, बुधवारच्या घरसभेचा पत्ता, वाढदिवसांची यादी, हे बाहेरचं कोण बघणार आहे? बघतात ती आपलीच माणसं, अंथरुणावरचे आजी-आजोबा, आणि पुण्याला नोकरीला गेलेली पोरं ज्यांना अजून तिकडे चर्च सापडलेलं नाही (किंवा शोधलेलं नाही). त्यांच्यासाठी लाईव्ह चांगलंच आहे, बंद करा असं मी म्हणणार नाही, पण ती घरच्यांची सेवा आहे, सुवार्ता पोचवणं नव्हे, आणि बजेटचा मोठा वाटा तिच्यावर घालू नका. फोनवरून यूट्यूब लाईव्ह करायला आधी किमान ५० सबस्क्रायबर लागतात, ते नातेवाईकांनीच होतात. आवाज मात्र मिक्सरमधून थेट घ्या. फोन शेवटच्या बाकावर ठेवला की प्रवचनापेक्षा पंखा जास्त ऐकू येतो, आणि एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पंखा बंद करा म्हणायची कुणाची हिंमत आहे? लाईट गेली की सगळंच गेलं, त्यामुळे इन्व्हर्टर नसेल तर सरळ रेकॉर्ड करून संध्याकाळी टाका.

आता ऑडिओ. विडी वळणाऱ्या मावशी डोळ्यासमोर आणा. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, कापून ठेवलेली पानं, दोऱ्याचं रीळ, मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने, म्हणजे हात थांबला की पैसा थांबला. तिला तुमचा व्हिडिओ बघायला वेळ नाही, पण कान दिवसभर मोकळे आहेत, बाजूला फोनवर कसली तरी सिरियल नुसती ऐकायला चालू असतेच. तिला सात-आठ मिनिटांत लूकच्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या मुलाचा दाखला कोणीतरी नीट, गोष्टीसारखा, आपल्या सोलापुरी बोलीत सांगितला, बापाने वाटणी कशी दिली, पोरगं डुकरं राखायची वेळ येईपर्यंत कसं उधळत गेलं, तर ती शेवटपर्यंत ऐकते आणि शेजारणीला पाठवते. ऐकून मग विचारते पण, की थोरल्या भावाचं पुढं काय झालं. तिथे खरं काम सुरू होतं. आणि यात गंमत ही की त्या मावशी तेलुगू घरातल्या असतील तर तीच गोष्ट तेलुगूत सांगणारी एखादी आजी तुमच्याच मंडळीत बसलेली असते, तिला माईक द्या. कन्नडचं पण तसंच. व्हिडिओ तीन भाषांत करायचा म्हणजे तिप्पट उद्योग, ऑडिओ मात्र तीन आज्ज्या एका दुपारी करून टाकतात.

खर्च म्हणाल तर कॉलरला लावायचा वायरवाला माईक हजाराच्या आसपास येतो, रेकॉर्डिंग फोनमध्येच होतं, खोलीत गाद्या-चादरी असल्या की आवाज घुमत नाही, आणि चादरींना सोलापुरात काय तोटा. आवाज एआयचा वापरू नका एवढी विनंती, फुकट मिळतो म्हणून बरेच जण वापरतात, पण तो मराठी वाचतो बातम्यांसारखं, आणि मावशीने प्रश्न विचारला तर तो काय घरी जाऊन चहा पिणार आहे का.

पाठवायचं कसं हे पण आधी ठरवा. व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये १०२४ लोक बसतात पण प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो, बायकांना ते नको असतं आणि बरोबरच आहे. ब्रॉडकास्टमध्ये २५६ जण, आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो. चॅनल २०२३ पासून आलंय, त्यात फॉलो करणाऱ्यांना एकमेकांचा नंबर दिसत नाही, पण तिथे समोरचा उलट लिहू शकत नाही. मी चॅनल घेईन आणि प्रत्येक ऑडिओच्या शेवटी मंडळीचा एक नंबर सांगेन. मंडळीचा, कुणा पोराचा खाजगी नाही.

रीलचं माझं मत जरा कडू आहे, तरी त्यांना सरसकट नाही म्हणणार नाही, कारण यंत्रमागाच्या शेडमध्ये ऑडिओचा काडीचा उपयोग नाही. तिथे खटखट इतकी असते की बाजूचा माणूस ओरडून बोलतो. तिथला पोरगा चहाच्या सुट्टीत फोन काढतो आणि आवाज न लावताच बोटाने वर सरकवत राहतो. त्याला गाठायचं तर स्क्रीनवर मोठ्या अक्षरात मराठी लिहिलेलं हवं, पहिल्या तीन सेकंदात कळेल असं, आणि बोलणारा त्याच्याच वयाचा. म्हणजे विडीवाल्या मावशीला ऑडिओ आणि मागावरच्या पोराला अक्षरं, एकाच गल्लीत दोन वेगळी माध्यमं लागतात.

पण रीलमध्ये तीन लफडी आहेत. एक, अल्गोरिदमला सोलापूर माहीत नाही, तुमचा व्हिडिओ कुठल्या कुठे फिरतो, लाईक येतात आणि शहरातला एक माणूस दारात येत नाही. दोन, ट्रेंडिंग गाण्यावर वचन चिकटवायचा मोह. गाण्यात प्रेयसीला हाक मारलीय आणि वर पडद्यावर स्तोत्र २३, हे बघून बाहेरचा हसतो आणि आतला लाजतो. शिवाय अकाउंट बिझनेसचं केलं असेल तर सिनेमातली बरीचशी गाणी इन्स्टा वापरूच देत नाही. तिसरं सगळ्यात गंभीर, 'प्रार्थनेने आजार बरा झाला' टाईपचे व्हिडिओ. हे सगळ्यात जास्त चालतात म्हणून सगळे करतात. प्रार्थना करण्यावर बंदी नाही, पण चमत्काराचा प्रचार करून लोकांना फसवणं महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे, आणि आजार जादूने बरे करण्याच्या जाहिरातींना तर १९५४ पासून केंद्राचा वेगळा कायदा आहे. कायदा बाजूला ठेवा, बघणाऱ्याने शुगरची गोळी बंद केली तर जबाबदार कोण? साक्ष द्यायचीच तर दारू सुटल्याची द्या, भावकीतलं भांडण मिटल्याचं द्या, आणि ती पण त्या माणसाला विचारून, कारण रील डिलीट केली तरी कुणाच्या ना कुणाच्या फोनमध्ये राहतेच.

अजून एक, पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आहे, आषाढीला अर्धा जिल्हा रस्त्यावर असतो. दुसऱ्याच्या देवावर शेरा मारून आपला मोठा करणारी रील कधीच नको. घटनेच्या २५ व्या कलमाने धर्म सांगायचा हक्क दिलाय, पण सार्वजनिक सुव्यवस्थेच्या मर्यादेत, आणि मुद्दाम भावना दुखावल्या तर न्याय संहितेचं २९९ कलम लागतं. कायद्याच्या आधी शेजार आहे, उद्या त्याच गल्लीत राहायचंय.

भजनावर मी सगळ्यात जास्त पैसे लावेन. मराठीत ख्रिस्ताची गोष्ट लोकांच्या चालीत सांगायची परंपरा चारशे वर्षांची आहे, फादर स्टीफन्सने ख्रिस्तपुराण ओवीत लिहिलं आणि ते १६१६ ला छापलं गेलं. नारायण वामन टिळकांनी तर अभंग लिहिले, कीर्तनं केली, टाळ-मृदंगाला चर्चच्या दारातून आत आणलं. शाळेत पक्ष्याच्या मरणाची कविता ज्यांनी पाठ केली त्यांना टिळक ओळखीचे आहेत, फक्त ते ख्रिस्ती होते हे पुष्कळांना माहीत नसतं. मग आपण इंग्रजी वर्शिप गाण्याचं ओढूनताणून मराठी करून, कराओके ट्रॅकवर, काळ्या पडद्यासमोर निळ्या लाईटमध्ये का गातो? सोलापुरातल्या माणसाचा कान भजनी मंडळाने घडलेला आहे, पेटी आणि टाळ वाजला की तो थांबतो, बघतो तरी काय चाललंय.

कॉपीराईटच्या बाबतीत पण हेच सरस. भारतात कवी गेल्यानंतर ६० वर्षांनी त्याचं लिखाण सगळ्यांसाठी मोकळं होतं. टिळक १९१९ ला गेले, म्हणजे त्यांचे अभंग बिनधास्त गा. मात्र दुसऱ्या कुणी गाऊन रेकॉर्ड केलेलं उचलायचं नाही, आणि चाल अलीकडच्या कुणाची असेल तर त्यांची परवानगी घ्यायची. बरेच जण म्हणतात चर्चमध्ये तर सगळंच गातो. हो, धार्मिक विधीत गायला कायदा सूट देतो, पण तेच यूट्यूबवर टाकलं की ती सूट तिथवर पोचतेच असं नाही, परक्या गाण्यावर क्लेम आला की व्हिडिओ म्यूट होतो नाहीतर जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाला जातात. पवित्र शास्त्राच्या मजकुराचं पण बघून घ्या. बायबल सोसायटीच्या भाषांतराचे हक्क राखीव आहेत, इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन मोकळ्या लायसनवर आहे, आणि पंडिता रमाबाईंचं जुनं भाषांतर तर कधीच मोकळं झालंय, फक्त त्याची भाषा आजच्या पोरांना जरा जड जाईल.

सिनेमाचं थोडक्यात. स्वतःची शॉर्टफिल्म करू नका. राग आला तरी चालेल. पंधरा हजारात दाढी चिकटवलेला, वाटेवरच्या जखमीवर दया करणारा शमरोनी आणि पांढऱ्या बेडशीटमधला याजक, बघणारा दयेवर विचार करणार की दाढीवर? तेवढ्या पैशात तयार सिनेमा दाखवणं बरं. १९७९ चा 'जीझस' लूकच्या शुभवर्तमानावर आहे, दोन हजाराहून जास्त भाषांत डब झालाय, मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही मिळतात. तेलुगू घरं जास्त असतील तिथे १९७८ चा 'करुणामयुडू' दाखवावा, विजयचंदरचा येशू तिकडच्या जुन्या माणसांना ओळखीचा आहे, हिंदीत तोच 'दयासागर'. जाहीर दाखवायचा तर हक्क कुणाकडे आहेत ते आधी विचारा, स्पीकरला पोलिसांची परवानगी काढा, आणि रात्री १० ला स्पीकर बंद म्हणजे बंद. माझा अनुभव असा की मैदानापेक्षा घराच्या गच्चीवर वीस-पंचवीस जणांत दाखवलेला सिनेमा जास्त चांगला, संपल्यावर चहा होतो आणि चहाबरोबर गप्पा. (बाय द वे, १९११ च्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट बघूनच फाळकेंना वाटलं होतं की आपल्या देवांचे असे सिनेमे का नकोत. १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' आला.)

आता पैसे. पंधरा हजार असतील तर मी दोन चांगले माईक आणि ट्रायपॉड घेईन, सात-आठ भजनं एखाद्या साध्या स्टुडिओत नाहीतर शांत खोलीत नीट रेकॉर्ड करीन, उरलेले गच्चीवरच्या सिनेमाच्या प्रोजेक्टरच्या भाड्याला. ऑडिओला जवळपास काहीच लागत नाही म्हणून तो आजपासून सुरू होऊ शकतो, दर आठवड्याला एक, ठरलेल्या वारी. रील फक्त तेव्हाच, जेव्हा मंडळीतलं एखादं पोरगं-पोरगी आधीपासून स्वतःच्या हौसेने करतंय आणि कमेंटला शांतपणे उत्तर द्यायला एक मोठं माणूस त्याच्याबरोबर बसणार आहे. ते माणूस मिळत नसेल तर कमेंट बंद ठेवून टाका, किंवा रीलच नको. तेलुगू किंवा कन्नड सांगणारी आजी असेल तर तिचा ऑडिओ सगळ्यात आधी, भजनाच्याही आधी, कारण आज्ज्या थांबत नाहीत.

आणि यूट्यूब चॅनलचा जीमेल मंडळीच्या नावाने काढा, पासवर्ड सेक्रेटरी आणि पाळक दोघांकडे, रिकव्हरीला लावलेलं सिम मंडळीच्या कपाटात. एका ठिकाणी एडिटिंग करणाऱ्या पोराच्या खाजगी अकाउंटवर सगळं होतं, तो हिंजवडीला लागला, नंबर बदलला, आणि चार वर्षांची भजनं आता कुणालाच एडिटही करता येत नाहीत आणि काढताही येत नाहीत.