मागच्या चाकाचे तीन बोल्ट: आर ८० जी/एस, चौदा महिन्यांनंतर

हा अनुभव दोन हप्त्यांत लिहिलाय. पहिला भाग जूनमधला, डोकं तापलेलं असताना. दुसरा सप्टेंबरमधला. जूनचा भाग खोडत नाही, तेव्हा खरंच तसं वाटत होतं.

गाडी बीएमडब्ल्यू आर ८० जी/एस, १९८४ ची. मी म्युनिकला राहतो, त्यामुळे गाडी तिच्या माहेरीच आहे. किती मोजले ते लिहीत नाही, बायको हे वाचते. तीस वर्षांपुढची म्हणून एच अक्षराची नंबरप्लेट मिळते आणि रोड टॅक्स वर्षाला ४६ युरो. या आकड्यावर भाळूनच मी शोधाला लागलो. ८०० सीसीचं बॉक्सर इंजिन (दोन सिलिंडर दोन बाजूंना आडवे), ५० हॉर्सपॉवर, साडेएकोणीस लिटरची टाकी हे तुम्हाला पाठ असेलच. चौदा महिन्यांत ९,००० किलोमीटर झाले. अ‍ॅव्हरेज लिटरला सतरा-अठरा. शाफ्ट ड्राइव्ह, म्हणजे चेनऐवजी फिरता दांडा असल्यामुळे दर रविवारी चेनला तेल घालत बसायचं नाही. पुढचं चाक २१ इंची, मागचं १८, दोन्ही स्पोकची आणि आत ट्यूब. हे ट्यूबचं लक्षात ठेवा.

जून

ही गाडी घेतोय म्हटल्यावर ज्याने त्याने मला एकच गोष्ट ऐकवली होती. मागचं चाक! एकाच बाजूने धरलेलं. तीन बोल्ट काढले की मोटारीच्या चाकासारखं हातात येतं. सप्टेंबर १९८० मध्ये फ्रान्समधल्या आविन्योंला कंपनीने ही गाडी पत्रकारांना दाखवली, तेव्हा रानात जाणाऱ्या गाडीला ८०० सीसी कशाला हा एक प्रश्न होता आणि चाकाला दुसरा हात कुठाय हा दुसरा. रान आणि रस्ता, गेलेंड आणि श्ट्रासं, म्हणून जी/एस.

तर ते सुप्रसिद्ध चाक परवा आखेनपास घाटाच्या अलीकडे पंक्चर झालं. रविवार, सकाळचे साडेअकरा. एका गोठ्यासमोर गाडी डबल स्टँडला लावली, सीटखालचा पाना काढला आणि पहिल्या बोल्टला लावला. हलेना. दुसरा, हलेना. तिसऱ्याच्या वेळी पाना सटकला आणि बोटांची सालं निघाली.

बाबांना व्हिडिओ कॉल लावला. पुण्यात दुपारचे तीन, म्हणजे सभ्य माणसाने फोन करण्याची वेळच नव्हे. बाबा उठले, चष्मा लावला आणि स्क्रीनमध्ये नाक घालून चाक बघितलं. म्हणाले, "हे चेतकचंच आहे की रे."

एकदम डोळ्यांपुढे आमचं चिंचवडचं अंगण आलं. नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट पाहून मिळालेली बजाज चेतक. पंक्चर झाली की बाबा ती आडवी करायचे, खाली गोणपाट, नट सोडवायचे, चाक काढून मागची स्टेपनी चढवायची. दहा मिनिटांत ऑफिसला. चेतकचीही चाकं एकाच बाजूने धरलेली. व्हेस्पाच्या घराण्यातली ना ती! जगाने ज्याला १९८० मध्ये तोंडात बोट घातलं, ते आमच्या आळीतल्या प्रत्येक कारकुनाला येत होतं.

"पान्यावर उभा राहा," बाबा म्हणाले. "वजन कशाला वाढवून ठेवलंयस?"

उभा राहिलो. पाना वाकायला लागला. शेवटी गोठ्याचा मालक आला, बघून "गेत शो" म्हणाला, म्हणजे होईल की, आणि ट्रॅक्टरजवळचा हातभर पाईप घेऊन आला. पान्याला पाईप घातल्यावर एकेक बोल्ट कुईं करत सुटला. नुसतं चाक काढायला चाळीस मिनिटं. त्यापुढे टॉमी घालून टायर उचकणं, ट्यूब ओढणं वेगळंच. माझ्याकडे जादा ट्यूब एकच होती, पुढच्या २१ इंची चाकाची. दोन ट्यूबचे पैसे कशाला घाला, म्हणून एकच घेतली होती. अडीनडीला मोठी ट्यूब मागच्या १८ इंचीत दुमडून बसते, छोटी ताणून मोठ्यात घालणं वाईट. बसली. घरी आलो आणि लिहून टाकलं: तीन बोल्टांचं कौतुक म्हणजे निव्वळ गप्पा. पाचपैकी अडीच तारे.

सप्टेंबर

अडीच तारे मागे घेतो. राग चुकीच्या माणसावर काढला होता.

एप्रिलमध्ये मी मागचा टायर एका वर्कशॉपमध्ये बदलून घेतला होता. नाव लिहीत नाही, पुढे कारण कळेल. तिथे पोराने हवेच्या गनने टर्रर्र करून बोल्ट आवळले होते. मी समोरच उभा होतो, कॉफी पीत. जुलैमध्ये टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळणारा पाना आणला आणि बोल्ट पुस्तकात दिलेल्या मापाने लावले. दुसऱ्या दिवशी सीटखालच्या त्याच पान्याने, मोबाईलवर वेळ लावून, परत काढून पाहिलं. चाक चार मिनिटांत बाहेर. पुन्हा केलं, साडेतीन. मग शेजाऱ्याला बोलावून दाखवलं. त्याने विचारलंही नव्हतं.

तेव्हा कुठे या गाडीचं खरं मोल कळलं. लोक हिला पहिली अ‍ॅडव्हेंचर बाईक म्हणतात. त्यावर वाद आहे आणि मी वाद घालणाऱ्यांच्या बाजूचा. जगभर फिरणारे हिच्या कितीतरी आधी निघाले होते. रॉबर्ट फुल्टन १९३२ मध्ये डग्लस मोटारसायकलवर लंडनहून निघून हिंदुस्थानातून पुढे गेला, टेड सायमन १९७३ मध्ये साध्या ५०० सीसी ट्रायम्फवर निघाला आणि चार वर्षांनी परतला. वाळवंटाची वाट तर यामाहाने पाडली. तिएरी साबीन १९७७ मध्ये अबिजान ते नीस शर्यतीत सहारात हरवला, वाचला आणि ते वेड सगळ्यांना लावायचं म्हणून त्याने पॅरिस-डकार ही सहारा ओलांडणारी शर्यत काढली. २६ डिसेंबर १९७८ ला पॅरिसहून पहिली तुकडी सुटली, आणि पहिल्या दोन्ही वर्षी सिरिल नवू यामाहाच्या एकसिलिंडरी एक्सटी ५०० वर जिंकला.

मग हिने वेगळं काय केलं? म्युनिकच्या बीएमडब्ल्यूचा मोटारसायकलींचा धंदा तेव्हा डबघाईला आला होता. लास्लो पेरेस नावाच्या टेस्ट इंजिनिअरने आपल्या हौसेने बॉक्सर इंजिनची हलकी रानगाडी बांधली होती. रस्त्यावरच्या गाड्यांचं तयार इंजिन, तयार भाग आणि पेरेसची कल्पना घेऊन, रुडिगर गुटशंच्या देखरेखीखाली जी/एस उभी राहिली. घरात आहे त्यातून भागवलं! मला ही गोष्ट फार आवडते. एकहाती स्विंगआर्मही (मागचं चाक धरणारा दांडा) हलका, कडक आणि करायला स्वस्त. दिवसभर हायवेवर बसून जायचं, संध्याकाळी मातीत शिरायचं आणि वाटेत चाक निघालं पाहिजे, हे तिन्ही एका गाडीत त्यांनी बसवलं. १९८१ ला उबेर ऑरिओलने हिच्या भावंडावर डकार जिंकली, १९८३ ला परत.

उंचीबद्दल. सीट ८६० मिलिमीटर, मी पाच फूट पाच इंच. सिग्नलला एक पाय जमिनीवर, दुसरा हवेत. पण १९८४ आणि १९८५ ची डकार याच घराण्याच्या गाडीवर जिंकणारा बेल्जियमचा गास्तों राइये माझ्याहून बुटका होता. त्याचे पाय टेकायचेच नाहीत. हे वाचल्यापासून मी सिग्नलला जरा छाती काढून उभा राहतो. टाकीवर त्याची सही असलेली, ३२ लिटर टाकीची पॅरिस-डकार आवृत्तीही आहे. तिचे भाव बघून मी ते पान बंद केलं.

गॅस दिला की मागचं अंग वर उठतं, सोडला की बसतं. १९८७ च्या आर १०० जीएसमध्ये पॅरालिव्हर हा सुधारलेला स्विंगआर्म आला आणि हे कमी झालं, नावातली तिरपी रेघही गेली. मला हे उठणं-बसणं आवडतं. म्हशीवर बसल्यासारखं वाटतं.

आता वर्कशॉप. ऑगस्टमध्ये जाऊन विचारलं की बोल्ट एवढे का आवळले? म्हणाले, सुरक्षेसाठी. वाकलेला पाना दाखवला. त्यांनी चाकाभोवती एक चक्कर मारली, आपल्या रेंचने तीनही बोल्ट टक टक टक तपासले आणि आठवड्याने "चाकाच्या बोल्टची तपासणी" म्हणून ३८ युरोचं बिल घरी पाठवलं. ४६ युरोत माझा वर्षाचा टॅक्स भरतो! भरणार नाही असं लेखी कळवलंय, त्यांचं स्मरणपत्र आलंय, माझं उत्तर तयार आहे. प्रकरण चालू आहे, म्हणून नाव नाही.

तारे साडेचार. अर्धा बाबांमुळे कापला. परवा त्यांना चार मिनिटांचा व्हिडिओ पाठवला. त्यांनी दोनदा बघितला आणि विचारलं, "सगळं ठीक आहे, पण स्टेपनी कुठे ठेवलीय?"