सी-ईच्या गोळ्या की आवळा-पेरू? पन्हाळा उतरून आलेल्या पायांचा अनुभव

हाफ मॅरेथॉनच्या पुढं जायचं ठरलं की रंकाळ्यावरच्या सकाळच्या गप्पांत हा प्रश्न निघतोच: पाय कमी दुखावेत म्हणून व्हिटॅमिन सी आणि ईच्या गोळ्या चालू कराव्यात का? एक सीझन मी त्या नियमानं घेतल्या, पुढचे दोन सीझन फक्त फळांवर काढले.

गोळ्यांची सोय मोठी आहे, हे मान्य. बाराही महिने मिळतात, किती घेतलं याचा हिशोब राहतो. आवळा मात्र थंडी सरली की मंडईतून दिसेनासा होतो.

माझं मत फिरलं ते पोटामुळं. पहाटे साडेचारला मला घास उतरत नाही. हजार मिलिग्रॅमची गोळी पाण्यात फसफसून विरघळली की तेवढंच पिऊन निघायचो. वाघबीळपर्यंत सगळं ठीक. तिथून पन्हाळ्याचा चढ लागला की पोटात ढवळायला सुरुवात, मग मुरडा. दम शिल्लक, पाय तयार, आणि मी कठड्याला टेकून उभा. रात्री जेवणानंतर घेऊन पाहिली, तरी पहाटे पोट सैलच. सीचा मोठा डोस आतड्यात पूर्ण शोषला जात नाही, उरलेला पाणी ओढून घेतो, त्याचा हा त्रास. सगळ्यांनाच होईल असं नाही, पण मला सुटला नाही.

एवढं सोसून पाय कमी दुखले असते तरी चाललं असतं. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार झेलतो आणि त्याचे तंतू बारीक बारीक फाटतात. ही ओढाताणीची इजा आहे, ती गोळीनं कशी थांबणार? रविवारी पळालो की मंगळवारी जिना उतरताना कठडा धरावा लागायचा, गोळ्या घेत असतानाही आणि सोडल्यावरही. ५० किलोमीटरच्या अल्ट्रा धावपटूंवरच्या अभ्यासातही सी-ईनं शरीरातली चरबी ऑक्सिजननं खराब होणं रोखलं, स्नायूंची इजा मात्र कमी झाली नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. पळताना फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करू शकणारे रेणू, तयार होतात आणि सी-ई त्यांनाच आवर घालतात. पण हेच रेणू स्नायूला ‘आता बळकट हो’ असा निरोपही देतात. नॉर्वेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका गटाला ११ आठवडे रोज १००० मिलिग्रॅम सी आणि २३५ मिलिग्रॅम ई दिलं, दुसऱ्याला नाही. दम दोन्ही गटांत सारखाच वाढला, पण मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जा तयार करणारी केंद्रं, वाढल्याच्या खुणा गोळ्या न घेणाऱ्यांतच दिसल्या. महिनोन्‌महिने घाम गाळायचा आणि तो निरोपच दाबून टाकायचा, हे मनाला पटेना.

पेरूचं गणित सरळ आहे. पुरुषाला दिवसाला ८० मिलिग्रॅम सी पुरतं आणि १०० ग्रॅम पेरूत २०० च्या वर असतं. पळून आल्यावर कपिलतीर्थ मंडईतून पिकायला आलेले, देठाशी पिवळसर झालेले दोन पेरू घेतो आणि तिखट-मीठ लावून खातो. थंडीत आवळा, उन्हाळ्यात लिंबू. ई शेंगदाण्यातून मिळतंच, आपल्या जेवणात कूट कधी कमी पडत नाही. पोटानं पुन्हा तक्रार केलेली नाही.

लागोपाठ दोन दिवस शर्यत असेल तर तेवढ्यापुरती गोळी घेणाऱ्याला मी अडवणार नाही. तिथं ताकद कमवायची नसते, फक्त निभवायचं असतं. मुतखडा होऊन गेला असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. आणि घेणारच असाल तर शर्यतीच्या आधी एकदा घाटात घेऊन पाहा.