ॲडम्स काउंटी, पेनसिल्व्हेनिया: गेटिसबर्ग बघायचं तर तारखेच्या क्रमाने

गेटिसबर्ग म्हणजे अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या तीन दिवसांच्या मोठ्या लढाईचं ठिकाण. इथे आलेले बरेच जण सगळ्यात आधी लिटल राउंड टॉप ही टेकडी गाठतात. वरून दिसतं छान, पण तिथली लढाई २ जुलै १८६३ ची, म्हणजे दुसऱ्या दिवसाची. आदल्या दिवशी काय झालं हे न बघता तिथे उभं राहिलं, तर या टेकडीसाठी एवढं रक्त का सांडलं हे उमगत नाही. म्हणून सुरुवात गावाच्या पश्चिमेला, पहिल्या दिवशी जिथे लढाई झाली त्या मॅकफर्सन रिजवर करावी. रणांगण आता राष्ट्रीय उद्यान आहे; त्यातला गाडीने फिरायचा मार्ग साधारण २४ मैलांचा आहे आणि तो याच क्रमाने जातो. बरेच रस्ते एकेरी असल्यामुळे एक थांबा चुकला की मोठा वळसा पडतो. नकाशा हातात ठेवावा.

रणांगणात प्रवेश फुकट. संग्रहालय, फिल्म आणि सायक्लोरामा यांना तिकीट लागतं, आणि ते वसूल होतं. सायक्लोरामा म्हणजे ३७७ फूट लांब, ४२ फूट उंच गोलाकार तैलचित्र, विषय तिसऱ्या दिवसाचा पिकेटचा हल्ला, म्हणजे दक्षिणेच्या बंडखोर सैन्याने उत्तरेच्या फळीवर केलेली चढाई. आधी हे चित्र बघावं, मग प्रत्यक्ष मैदानात उतरावं.

पैसे कुठे घालायचे असतील तर परवानाधारक मार्गदर्शकावर घाला. १९१५ पासूनची ही व्यवस्था आहे. मार्गदर्शक तुमचीच गाडी चालवतो, फेरी साधारण दोन तासांची असते, आणि तुम्ही विचाराल तिथे तो थांबतो. सुट्टीच्या दिवसांत आधीच आरक्षण करा.

एक गोष्ट मात्र गाडीतून कळणार नाही. व्हर्जिनिया स्मारकापासून समोरच्या झाडांच्या बेटापर्यंत, सुमारे मैलभर, चालत जा. लांबून मैदान सपाट वाटतं. चालायला लागलं की जमीन खाली-वर होते, मध्येच समोरची, उत्तरेच्या सैन्याची फळी होती ती जागा दिसेनाशी होते. मग एमिट्सबर्ग रस्ता आणि त्याच्या दोन्ही बाजूंची लाकडी कुंपणं. पिकेटच्या हल्ल्यात दक्षिणेचे सुमारे १२,५०० सैनिक इथून पुढे गेले. गोळ्यांच्या माऱ्यात ही कुंपणं ओलांडताना त्यांच्या रांगा विस्कटल्या, आणि निम्म्याहून जास्त मारले गेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. हल्ला का फसला हे पुस्तकातल्या नकाशापेक्षा या चालण्यातून जास्त कळतं. सावली अजिबात नाही, पाणी जवळ ठेवा. उन्हाळ्यात गवतात गोचीड असतात, त्यामुळे पायघोळ पँट आणि मोजे हवेत, आणि परतल्यावर अंग तपासायचं. रस्त्यावर आजही भरधाव वाहतूक असते.

राष्ट्रीय दफनभूमी घाईत उरकू नका. उत्तरेच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या बाजूचे साडेतीन हजारांहून अधिक सैनिक इथे राज्यनिहाय अर्धवर्तुळांत पुरलेले आहेत. अनोळखी सैनिकांच्या डोक्याशी फक्त क्रमांक कोरलेले छोटे चौकोनी दगड आहेत. रांगच्या रांग नुसते आकडे वाचत जाताना गळा दाटून येतो. १९ नोव्हेंबर १८६३ ला राष्ट्राध्यक्ष लिंकन इथे आपलं प्रसिद्ध गेटिसबर्ग भाषण करताना जेमतेम दोन-तीन मिनिटं बोलले. मात्र भाषणाचं स्मारक जिथे आहे, ती भाषणाची नेमकी जागा नव्हे. ती शेजारच्या एव्हरग्रीन दफनभूमीत असावी असं बरेच अभ्यासक मानतात.

रणांगणाला लागूनच माजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचं शेत आहे, वेळ उरला तर बघा. ऑक्टोबरमध्ये गेलात तर उत्तरेला बिगलरव्हिल-अरेन्ड्सव्हिलकडच्या सफरचंदाच्या बागांसाठी अर्धा दिवस राखा. लढाईच्या तारखांना, १ ते ३ जुलैला, गर्दी प्रचंड असते; शांतपणे बघायचं असेल तर ते दिवस टाळा.