पंखा साधा घ्यावा की बीएलडीसी?

दुकानात शिरलात की पहिलं वाक्य ठरलेलं: "साधा पंखा 75 वॉट खातो, हा बीएलडीसी 28 वॉट. बघा तुम्हीच." (बीएलडीसी म्हणजे ब्रशलेस डीसी मोटरवर चालणारा, कमी वीज खाणारा पंखा; बहुतेक रिमोटवर चालतात.) यातला 28चा आकडा बहुतेक वेळा खरा असतो, गडबड 75मध्ये आहे. 75 वॉट म्हणजे तुमच्या छताला दहा-पंधरा वर्षं फिरत असलेला जुना पंखा. 1 जानेवारी 2023पासून छताच्या पंख्यांना वीजबचत दाखवणारं स्टार लेबल सक्तीचं झालं, आणि आता दुकानात मिळणारा नेहमीचा 1200 मिलिमीटरचा, म्हणजे 48 इंची साधा पंखासुद्धा साधारण 50-52 वॉटवर आलाय. म्हणजे प्रश्न दोन आहेत. चालू पंखा काढून नवा लावायचा का, हा एक. आणि नवा घ्यायचाच आहे तर कुठला, हा दुसरा. दुकानदार पहिल्या प्रश्नाचं उत्तर देऊन दुसऱ्याचं बिल फाडतो.

हिशेब करून बघू. पंखा दिवसाला 12 तास, वर्षातले 270 दिवस (थंडीचे सोडून), आणि सोपं जावं म्हणून युनिटला 10 रुपये. जुना 75 वॉटचा काढून 30 वॉटचा लावला तर वर्षाला सुमारे 146 युनिट, म्हणजे साडेचौदाशे रुपये वाचतात. नव्या 52 वॉटच्या साध्या पंख्याशी तुलना केली तर वाचतात 71 युनिट, सातशे रुपये. दोन पंख्यांच्या किमतीत हजार-दीड हजाराचा फरक असेल तर तो निघायला दीड ते दोन वर्षं लागतात. वाईट सौदा नाही, पण जाहिरातीत दाखवतात तितका चटपटीतही नाही.

यात आणखी एक मेख आहे. आपल्याकडे विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. महिन्याचं बिल 100 युनिटच्या आत असेल तर तुम्ही मुळात स्वस्त टप्प्यात आहात, बचत याहून बरीच कमी होईल. 300च्या आसपास घुटमळणाऱ्या घरात मात्र वाचलेलं प्रत्येक युनिट वरच्या, महाग टप्प्यातलं असतं. तिथे बीएलडीसी पैसे लवकर फेडतो. म्हणून शेजाऱ्याने "मला तर काही फरक जाणवला नाही" म्हटलं की आधी त्याचं बिल विचारावं.

वाऱ्याचं काय? "बीएलडीसीचा वारा लागत नाही" ही तक्रार हमखास ऐकू येते. बरेच बीएलडीसी पंखे पूर्ण वेगात मिनिटाला 350च्या आसपास फेरे घेतात, साधे त्याहून थोडे जास्त. पात्यांचा कोन नीट असेल तर खाली बसलेल्याला हा फरक कळू नये. कळतो तेव्हा बहुतेकदा छत उंच आणि दांडी आखूड असते, नाहीतर पंखा तीन नंबरवर असतो आणि कोणाच्या ते लक्षात आलेलं नसतं. कारण भिंतीवर बघायला आता रेग्युलेटरच नाही.

आणि इथेच खरी कटकट सुरू होते: रिमोट.

साध्या पंख्याचा रेग्युलेटर भिंतीवर आहे, तो हरवत नाही. रिमोट गादी आणि पलंगाच्या फटीत जातो, उशीच्या अभ्र्यात जातो, टीव्हीच्या रिमोटबरोबर दुसऱ्या खोलीत जातो. पहाटे तीनला गारठा वाटून आजी उठतात, चष्मा नाही, दिवा लावला तर सगळे जागे होणार. मग त्या सरळ बटण बंद करतात आणि दहा मिनिटांनी सगळं घर घामाने जागं होतं. हॉलमध्ये एकाच कंपनीचे दोन पंखे असतील तर एकाला सांगितलेलं दोघंही ऐकतात. काही पंख्यांच्या मध्यभागी वेग दाखवणारे बारीक दिवे असतात, अंधारात ते डोळ्यांत खुपतात. दुकानाच्या लखलखाटात हे दिवे दिसत नाहीत, तेव्हा मुद्दाम विचारून घ्या.

यावर उपाय आहे. भिंतीवरच्या रेग्युलेटरवर चालणारे बीएलडीसी पंखेही मिळतात. घरात सत्तरीच्या पुढचं कोणी असेल तर तोच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत. रिमोटवालाच घेणार असाल तर जुना रेग्युलेटर वायरमनकडून काढून टाका. तो तसाच राहिला तर कोणीतरी सवयीने फिरवणार, पंखा गूं-गूं करणार आणि आतलं सर्किट त्रास देणार.

दुरुस्तीत साधा पंखा अजून राजा आहे. हळू फिरायला लागला, काठीने ढकलल्याशिवाय सुरू होईना, की ओळखायचं कंडेन्सर गेला. वायरमन स्टुलावर चढतो, दांडीवरचा कप खाली सरकवतो, आतली काडेपेटीएवढी 2.5 मायक्रोफॅरडची डबी काढून नवी जोडतो आणि चहा व्हायच्या आत खाली उतरतो. शे-दीडशेचं काम. बेअरिंग वाजलं तर तेही बदलतं, वाइंडिंग जळलं तर तालुक्याच्या गावातही भरून मिळतं. बीएलडीसीत सर्किट गेलं तर गल्लीतला वायरमन हात वर करतो. कंपनीचा माणूस यायचा, पार्ट मागवायचा, आणि वॉरंटी संपली असेल तर सर्किटच्या किमतीत साधा पंखा अर्धाअधिक येतो. म्हणून स्टार मोजण्याआधी वॉरंटीची वर्षं मोजा, आणि तुमच्या गावात सर्व्हिस आहे का ते बघा, पुण्या-मुंबईत असून उपयोग नाही. वळवाच्या पावसात विजा कडाडतात तिथे सर्किटला धोका जास्त. अशा वेळी बटण बंद ठेवणं बरं.

पण त्याच गावात बीएलडीसीच्या बाजूने एक जबरदस्त मुद्दा आहे. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की साधा पंखा म्हाताऱ्यासारखा चालतो, बीएलडीसी आपला वेग सोडत नाही. इन्व्हर्टरवर तर तुलनाच नाही. चार जुने पंखे 300 वॉट ओढतात, चार बीएलडीसी 120. तीच बॅटरी दुपटीहून जास्त वेळ पुरते. शिवाय स्वस्त इन्व्हर्टरवर साधा पंखा जो घूं आवाज काढत रात्रभर फिरतो, तो आवाजही यात नाही. जिथे उन्हाळ्यात रोज चार-चार तास वीज जाते, तिथे मी बिलाचा हिशेब करतच बसणार नाही, बीएलडीसी घेईन.

माझी वाटणी अशी: हॉल आणि झोपायची खोली, जिथे पंखा दिवसरात्र फिरतो, तिथे बीएलडीसी. पाहुण्यांची खोली, देवघर, वर्षातून पंधरा दिवस उघडणारं गावचं घर, तिथे स्टार लेबलचा साधा. स्वयंपाकघरातही साधाच, फोडणीच्या तेलाने चिकट झालेला रिमोट कोण पुसत बसणार. आणि चालू असलेला, आवाज न करणारा जुना पंखा दिवसाला तीन-चार तासच लागत असेल तर त्याला हात लावू नका.

भाड्याच्या घरात बीएलडीसी लावणार असाल तर मालकाचा पंखा आणि काढलेला रेग्युलेटर खोक्यात घालून माळ्यावर ठेवा, वर खोलीचं नाव लिहा. घर सोडताना तो टांगायला वायरमन दोनशे घेईल, तुमचा पंखा तुमच्याबरोबर येईल.