एसएटीचे गुण पाठवावेत की नाही?

माझी भाची सोलापुरात बारावीला आहे. अमेरिकेतल्या कॉलेजांत अर्ज करायचाय. एसएटी ही तिथल्या प्रवेशासाठीची परीक्षा; काही कॉलेजांत तिचे गुण पाठवणं ऐच्छिक असतं, म्हणून घरात रोज हाच विषय.

गुण पाठवायचे तर परीक्षा द्यायला हवी. तिने पुण्याचं केंद्र घेतलं. पेपर सकाळी, म्हणून आदल्या दिवशीच हुतात्मा एक्सप्रेस पकडली. मांडीवर गणिताची वही, पिशवीत शेंगाचटणी-भाकरी. पेपर 2 तास 14 मिनिटांचा, गुण 1600 पैकी. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने 2022 मध्ये हे गुण पाठवायची अट परत आणली, त्यामुळे तिथे पर्यायच नाही. शिवाय आपली शाळा तिथे कुणाला माहीत नसते. चांगले गुण असले की तिची बाजू भक्कम होते.

गुण न पाठवता अर्ज केला की सगळा भार नववीपासूनच्या गुणपत्रिका, निबंध आणि शिक्षकांच्या शिफारसपत्रांवर येतो. शिफारसपत्र मनापासून लिहिणारे सर मिळणं, खरी अडचण तिथेच आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठ मात्र प्रवेशासाठी हे गुण बघतच नाही.

माझं मत स्पष्ट आहे: जिथे गुण ऐच्छिक आहेत, तिथे त्या कॉलेजने प्रवेश मिळालेल्यांच्या गुणांची मधली श्रेणी, म्हणजे मधल्या निम्म्या मुलांचे गुण कुठून कुठपर्यंत होते ते, दिलेली असते. आपले गुण तिच्यात बसले तर पाठवा. खूप खाली असतील तर निबंधावर महिनाभर जीव ओता.