एका हंगामानंतर चार्टप्लॉटर: बेलापूर ते मुरूड आणि भरतीचे चुकलेले गणित

बेलापूरजवळच्या खाडीत असलेल्या आमच्या शिडाच्या नौकेवर बसवलेला चार्टप्लॉटर, म्हणजे सागरी नकाशावर नौकेचे स्थान आणि मार्ग दाखवणारे यंत्र, आता पूर्ण हंगामभर वापरून झाला आहे. पडदा उन्हात स्पष्ट दिसतो आणि बॅटरी बेताचीच लागते, हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. मला लिहायचे आहे ते एकाच दोषाबद्दल, कारण खडकाळ किनाऱ्यावर तो जिवावर बेतू शकतो. हे यंत्र स्वतः मार्ग आखताना भरतीची उंची निघण्याच्या वेळेची धरते, त्या ठिकाणी पोहोचण्याच्या वेळेची नव्हे.

उधाणाचा एक दिवस घ्या. मुंबईतल्या अपोलो बंदरच्या भरतीच्या तक्त्यात भरती ४.२ मीटर आणि ओहोटी ०.६ मीटर आहे. दक्षिणेकडे जायचे तर भरतीच्या टोकालाच निघावे लागते, कारण त्याशिवाय खाडीतला चिखल ओलांडता येत नाही आणि पुढे सहा तास ओहोटीची ओढ सोबतीला मिळते. ही ओढ फुकट दवडण्यासारखी नसते. ५ नॉटने (ताशी ५ सागरी मैलांनी) चालणाऱ्या नौकेला २ नॉटची ओढ मिळाली तर १४ सागरी मैल दोन तासांत कापले जातात, आणि तीच ओढ समोरून आली तर चार तास चाळीस मिनिटे लागतात. परंतु जी ओहोटी वेग देते, तीच अलिबागजवळच्या थळसमोरच्या खडकांवरचे पाणी काढून नेते, आणि तिथल्या खांदेरी-उंदेरी बेटांपाशी आपण नेमके पाणी उतरत आल्यावर पोहोचतो.

पाणी सारख्या गतीने उतरत नाही. एकूण उताराचे बारा हिस्से धरले तर तासागणिक एक, दोन, तीन, तीन, दोन, एक असे हिस्से जातात. वरच्या उदाहरणात एक हिस्सा ०.३ मीटरचा, म्हणजे पाचव्या तासाअखेर ३.३ मीटर पाणी गेलेले असते. नकाशातल्या खोलीत भरतीची उंची मिळवायची असते, म्हणून नकाशात ०.४ मीटर खोली लिहिलेल्या खडकावर निघताना ४.६ मीटर पाणी असते, पोहोचताना १.३ मीटर उरते, आणि आमच्या नौकेचे बूड १.२ मीटर खाली जाते. जरा लाट आली की कणा खडकाला लागलाच. असे असताना यंत्राने खांदेरी आणि उंदेरी यांच्यामधून हिरवी रेघ ओढून मार्ग सुरक्षित असल्याचे सांगितले. कागदी नकाशा शेजारी उघडा होता म्हणून ते त्याच क्षणी लक्षात आले.

सेवाकेंद्रात तक्रार नोंदवली तेव्हा, सुचवलेला मार्ग तपासण्याची जबाबदारी चालकाची आहे आणि तशी सूचना पडद्यावर येते, एवढेच उत्तर मिळाले. सूचना येते, हे खरे आहे. मात्र ज्या यंत्राला नौकेचा वेग, तिचे बूड आणि भरतीचा तक्ता हे तिन्ही ठाऊक आहे, त्याने पोहोचण्याच्या वेळेचे पाणी मोजू नये, हे मला आजही पटत नाही. एवढे पैसे मोजून घेतलेल्या वस्तूकडून ही अपेक्षा अवाजवी नाही.

जानेवारीत अपडेट आले आणि माझे मत काहीसे बदलले. आता पडद्यावरचा काळ पुढे सरकवून कोणत्याही तासाची भरती पाहता येते. आपोआप आखलेली रेघ मात्र अजून जुन्याच पद्धतीने येते. मला खरा आनंद दिला तो एआयएसने, म्हणजे आसपासची जहाजे रेडिओवरून कळवतात ते त्यांचे स्थान आणि वेग दाखवणाऱ्या सोयीने. पहाटेच्या धुरकट उजेडात न्हावा-शेवा बंदराच्या वाटेवर समोरचे कंटेनर जहाज आपल्या किती जवळून आणि किती मिनिटांनी जाईल, हे आकड्यांत दिसते तेव्हा सुकाणूवरचा हात स्थिर राहतो. या एका सोयीसाठी मी यंत्र काढून टाकणार नाही.

मार्ग मात्र मी आदल्या रात्री कागदावरच आखतो. डेहराडूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचा नकाशा, भरतीचा तक्ता आणि पेन्सिल एवढे पुरते. नकाशातल्या ज्या आकड्याखाली रेघ असते तो खडक ओहोटीला उघडा पडणारा, म्हणून अशा आकड्यांभोवती प्रथम वर्तुळ करतो. करावे गावच्या एका कोळी काकांनी सांगितलेली तिथीची पाऊणपट पडताळ्यासाठी वापरतो: अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. तक्त्याची चुकीची ओळ वाचली गेली तर ती या हिशेबात लगेच उघडी पडते. जाताना खांदेरी डाव्या हाताला ठेवून बाहेरच्या मोकळ्या पाण्यातून जातो. फेरा वाढतो, पण तिथे ओहोटीच्या तासाची चिंता उरत नाही. मासेमारीच्या डोल जाळ्यांसाठी समुद्रात रोवलेले खुंट कोणत्याच नकाशात पुरते सापडत नाहीत, त्यामुळे किनाऱ्यालगत अंधारात जात नाही. परतताना ओहोटी संपता संपता निघतो, म्हणजे चढते पाणी खाडीपर्यंत ढकलत आणते. उशीर होतोय असे दिसले तर मांडव्याजवळ नांगर टाकून पुढच्या भरतीची वाट पाहतो, कारण चिखलात रुतलेली नौका पुढची भरती येईपर्यंत हलत नाही.

नकाशांच्या वार्षिक नूतनीकरणासाठी कंपनी जी रक्कम मागते, तिच्यात कागदी नकाशा आणि तक्ता घेऊनही पैसे उरतात, म्हणून मी ते केलेले नाही. स्थान आणि एआयएस यांसाठी हे यंत्र जरूर घ्यावे. आपोआप मार्गाच्या भरवशावर घेणार असाल, तर पोहोचण्याच्या वेळेची भरती धरणारे अपडेट येईपर्यंत थांबावे.